गळ्यातली जानकी

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८७५. देवास.

लिही बाई, आधी हे लिही की मी धारहून सुखरूप पोचले. मोटारीत माझ्या मांडीला खेटून कुणाचीशी कोंबड्यांची पाटी होती, आणि इंदूरपर्यंत त्या कोंबड्या माझ्याकडं अशा बघत होत्या, जशी मीच त्यांच्या जागेवर बसलेय. तरी सुखरूप.

सांगतेय मी आणि लिहितेय ही. मला अक्षराची ओळख नाही. आमच्या वेळी पोरीला अक्षर आलं तर ती काय लिहील आणि कुणाला लिहील याचा सगळ्या घराला घोर. ही म्हणजे आजच या घरात आलेली पाहुणी. समुद्राच्या काठी डेन्मार्क म्हणून मुलूख आहे, तिथली. नाव किर्स्टन. माझ्या दातांची परवानगी नाही, म्हणून मी तिची कस्तुरी केली. त्यांच्याकडची एक पोर आपल्याकडं घरच्यासारखी राहायची आणि आपल्याकडची एक तिकडं, अशी काही अदलाबदल आहे म्हणे. लंडनला राहून ही मराठी शिकली आणि तिथल्या मास्तरांनी हिला सांगितलं, की एखाद्या म्हातारीच्या तोंडचं बोलणं रोज उतरवून घे. म्हातारी म्हणून मी सापडले. लाजू नकोस गं, स्वतःबद्दल असलं तरी लिही.

घर माझ्या नातीचं, इंदूचं. तिचे यजमान प्रतापराव पूर्वी दरबारच्या कचेरीत होते. संस्थान गेलं, तेव्हापासून शाळेत इंग्रजी शिकवतात. इंदू त्यांची दुसरी. तिची दोन बाळंतपणं माझ्याकडं धारला झाली आणि दोन्ही वेळा पाळणा रिकामाच माळ्यावर गेला. या वेळी प्रतापराव म्हणाले, प्रवास नको, आजींनाच इकडं आणू. आता नातीच्या घरी मूल खेळेपर्यंत मी इथलं पाणी पीत नाही, ही आमची रीत. माझी कळशी शेजारच्या विहिरीवरून येते. प्रतापराव म्हणाले, धारची आजी आमचं पाणी पीत नाही आणि सातासमुद्रापलीकडची पोर घटाघटा पितेय, आता परकं कुणाला म्हणावं? जावई गमत्या आहे.

हिच्या येण्याची गंमत लिही. टांगा दाराशी थांबला. प्रतापरावांनी नवा कोट घातलेला, इंदू तबक घेऊन उभी, मोलकरीण मालन भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन तयार. तुकडा तोंडावरून ओवाळून लांब टाकायचा, म्हणजे वाटेतली नजर-बिजर तिथंच जाते. मालननं तुकडा ओवाळला मात्र, हिनं तो हातातून घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाली की फार रुचकर आहे. मला हसू आवरेना. मग ही प्रतापरावांपुढं गेली, त्यांना सरळ नावानं हाक मारली, प्रतापराव, आपणांस भेटून मी आनंदित झाले, म्हणाली आणि हात पुढं केला. त्या बिचाऱ्यानं आपला हात आधी खिशात घातला, मग पाठीमागं नेला, शेवटी दोन्ही हात जोडून मोकळा झाला. इंदूकडं बघायची त्याची हिंमत नव्हती.

अवघडलेपण मोडलं ते इंदूनं. हिचा गळा अगदी मोकळा, दोरासुद्धा नाही. इंदूनं आपल्या पोलक्याच्या आतून काळ्या दोऱ्यातलं काहीतरी चांदीचं काढलं आणि सगळ्यांदेखत हिच्या गळ्यात घातलं. घेशील ना, असं दोनदा विचारलं. हिनं हात जोडले आणि लग्नात भटजींच्या मागून म्हणावं तसं स्पष्ट म्हणाली, मी याचा स्वीकार करते. इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुणीवर एवढी माया! मला कौतुक वाटलं. मालनच्या हातून मात्र पाण्याचा तांब्या पडला. तिचं वय झालं.

चंपाषष्ठी.

आज खंडोबाचा नैवेद्य. चातुर्मासात सोडलेलं वांगं आज पुन्हा पानात. भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा. कस्तुरीला पाटावर मांडी घालता येत नाही; एक पाय दुमडला की दुसरा आपोआप सरळ होतो. मिरची लागली तेव्हा तिचं नाक मिरचीच्याच रंगाचं झालं, पण ताटात कण टाकला नाही. दिलेलं टाकायचं नाही आणि यजमानांचं मन मोडायचं नाही, असं त्यांना निघताना शिकवून पाठवतात म्हणे. चांगली शिकवण आहे. आमच्या सुनांना कुणी दिली नाही.

गळ्यातलं ते नीट पाहिलं. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर उठवलेली बाई. इंदूला विचारलं, तर म्हणाली, टेकडीवरच्या भवानीचा टाक आहे. असेल. पण भवानीच्या हाती शस्त्र असतं, पायाखाली महिषासुर असतो. ही आपली दोन हात खाली सोडून, डोक्यावर पदर घेऊन उभी आहे. चेहरा झिजून गेलाय. एवढी झीज देव्हाऱ्यात होत नाही, अंगावर वागवल्यानं होते.

म्हातारीला बसल्याजागी संशय घ्यायला काय लागतं? जाऊ दे. इंदू आज दोनदा वाढून जेवली.

शुद्ध नवमी.

कस्तुरीची मराठी फार लवकर सुधारली. परवापर्यंत ती पुस्तकासारखं बोलायची, मी आता स्नानास जाते म्हणायची. आज म्हणाली, जरा अंगावर पाणी घेऊन येते. मी म्हटलं, वा!

सकाळी आम्ही स्वैपाकघरात होतो. प्रतापराव पाणी मागायला दारात आले, तर हिनं झटकन केसांवरून ओढणी पुढं घेतली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. पहिल्या दिवशी हात मिळवायला निघाली होती तीच ही! मी थट्टा केली, की इंदूनं तुला चार दिवसांत सून करून टाकली. इंदू म्हणाली, मी काहीच शिकवलं नाही. बोलताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

दुपारी कणकेला परात लहान पडली. कस्तुरी मालनला म्हणाली, माळ्यावर गवऱ्यांच्या मागं कल्हई गेलेली मोठी परात आहे ती काढ. मालननं शिडी लावली. परात निघाली. मालन परात घेऊन शिडीवरच थांबली. मग खाली येऊन माझ्या कानाशी म्हणाली, माजी, ही परात जानकीबाईंची, त्या गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही, या गोऱ्या बाईला किसने बताया?

जानकीबाई म्हणजे प्रतापरावांची पहिली.

कस्तुरी, तू माळ्यावर गेली होतीस का गं? नाही म्हणते. लिही, नाही म्हणते.

शुद्ध द्वादशी.

आज तुझ्यादेखत सांगते, कस्तुरी, आणि मुद्दाम सांगते. हे तुझ्या कानांवर घालायचंय आणि एरवी मला धीर होत नाही.

आमच्या लोकांत पहिली बायको वारली आणि दुसरी आणली, तर पहिलीचा चांदीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालतात. सवतीचा टाक. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग आपण नेसायचं. गोडाधोडाचा घास आधी तिला दाखवायचा. म्हणजे तिचा मान राहतो आणि ती त्रास देत नाही. इंदूचा टाक मी कधी पाहिला नव्हता, पोर पोलक्याच्या आत ठेवायची. काल विचारलं, टाक कुठं आहे? म्हणाली, दोरा काचतो म्हणून देव्हाऱ्यात ठेवलाय. आज पूजेला बसले तेव्हा सगळे टाक एकेक हातात घेतले. भवानी होती, खंडोबा होता, इंदूचे सासरे होते. जानकी नव्हती.

इंदूला खोलीत नेऊन दार लावलं. आधी रडली. मग म्हणाली, तिचा तो टाक मी हिला दिला, दिला तर दिला. दोन लेकरं माझ्या पोटातून तिनं ओढून नेली, तिसरं नेऊ देणार नाही. टेकडीच्या वाटेवर बसणाऱ्या कुणा बाईनं तिला सांगितलं होतं, की असा टाक फेकता येत नाही, नदीत सोडता येत नाही. दुसऱ्या बाईनं आपल्या तोंडानं घेते म्हटलं तरच जातो. आता या मुलखात कुठली बाई सवत घेते म्हणेल? ज्या बाईला ठाऊक नाही तीच. आणि ही फाल्गुनात आपल्या देशी जाईल, जानकीला समुद्रापार घेऊन जाईल. हिचा यावर विश्वास नाही, मग हिला काय लागायचंय? असं इंदू म्हणाली.

मी तिला बोलले. पाहुण्या पोरीच्या ताटात विष वाढलंस म्हणाले. पण खोटं कशाला सांगू, आतून मला जरा बरंही वाटलं. माझी नात आहे ती.

कस्तुरी, ऐकलंस ना? काढ तो टाक. मी घेते परत, मग पुढचं पुढं.

ही म्हणते, दिलेली भेट काढून ठेवली तर घरच्यांना वाईट वाटतं. एवढं सगळं ऐकून हिनं मान वर केली नाही. अक्षर सुंदर येतंय असं वाटतंय, ओळ अगदी सरळ आहे.

पौर्णिमा, दत्तजयंती.

जावयांशी बोलायचं ठरवलं. — ओट्यावर वही तपासत होते. थांब. मी आत्ता नाव सांगितलं ना? मग पेन का उचललंस?

पुन्हा सांगते. — ओट्यावर होते.

पुन्हा तेच. नाव आलं की पेन वर जातं, एक आडवी रेघ ओढते आणि पुढं लिहायला लागते. मला अक्षर येत नाही, पण रिकामी जागा मला दिसते. ती वाचायला शाळा लागत नाही. पहिल्या दिवशी चारचौघांत त्यांना नावानं हाक मारणारी तू, आज तुझ्या हातून ते नाव का उमटत नाही? विचारलं, तर पदर दातांत धरून हसली. हो, पदर. आज ही इंदूच्या पेटीतलं हिरवं लुगडं नेसलीय आणि निऱ्या माझ्यापेक्षा नीट आहेत.

आमच्यात नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. हे मी हिला कधी सांगितलेलं नाही.

असो. — यांना मी सांगितलं, पाहुणीला दुसरीकडं ठेवा. इंदूरला मिशनच्या बाया आहेत, तिथं पाठवा. हसले. म्हणाले, पोरगी मन लावून शिकतेय आजी, तुम्ही उगाच. मग जेवायला बसले. आमटी आज हिनं केली होती. पहिला घास घेतला. डोळे भरले. मी विचारलं, तिखट झालीय का? म्हणाले, नाही, बरोबर झालीय. कितीतरी दिवसांनी बरोबर झालीय. आणि मग पाहुणीला कुठं पाठवायची गोष्ट त्यांनी काढू दिली नाही.

मला आता त्यांचाही भरवसा वाटत नाही.

वद्य तृतीया.

मालनला गोठ्याकडं गाठलं. जानकीबाई कशानं गेल्या ते तिनं सांगितलं. बाळंतपणात. मागच्या खोलीत, जी आता इंदूसाठी सारवून ठेवलीय तीच. मूल मेलेलंच आलं. तिला सांगितलं नाही. झोपलंय, मग दाखवू, असं सगळे म्हणत राहिले. ती विचारतच राहिली, माझं बाळ द्या, एकदा मांडीवर द्या. विचारता विचारता गेली. मालन म्हणाली, माजी, मीही खोटं बोलले, मी म्हटलं दूध पिऊन सोया है.

म्हणजे तिला कुणाचं वाईट करायचं नाही. तिला तिचं बाळ हवंय.

इंदूच्या गळ्यात होती तेव्हा ती चांदीचा पत्रा होती. जागच्या जागी राहून ओढायची. आम्ही तिला उचलून एका धडधाकट पोरीच्या अंगावर दिली. आता तिला पाय आहेत. हात आहेत.

तू हे सगळं लिहितेस आणि तुझा हात जराही कापत नाही.

मालन आणखी म्हणाली, जानकीबाईंना अक्षर येत नव्हतं. शिकायची फार हौस होती. यांच्या वह्या उघडून नुसत्या ओळींवरून बोट फिरवत बसायच्या.

वद्य षष्ठी.

किर्स्टन म्हणून हाक मारली. दातांना त्रास देऊन, नीट मारली. हललीसुद्धा नाही. कस्तुरी म्हटलं, तरी नाही.

न्हाणीत तिची पाठ चोळायच्या निमित्तानं दोऱ्याला हात घातला. गाठच नाही. कुठं सुरू होतो, कुठं संपतो, कळत नाही. कात्री लावली. तिनं माझं मनगट धरलं, हळू, लहान मुलाचं धरावं तसं. म्हणाली, आजी, तुमच्या नातीला आता नववा सरत आला ना, आता फार दिवस नाहीत.

मी तिथंच, ओलेत्यानं, आपल्या तोंडानं म्हटलं, मी याचा स्वीकार करते. पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. विधवेला कसली सवत, पण म्हटलं. उभा जन्म सवतीशिवाय गेला, या वयात एक येऊ दे.

दोरा हलला नाही. म्हातारा गळा तिला नको. त्यात बाळ नाही.

वद्य अष्टमी.

इंदूला सगळं सांगितलं. ती म्हणते, मला परत दे. माझ्या गळ्यात बांध, पत्राच राहू दे तिला. रडत होती. म्हणाली, मी काय केलं गं आजी.

हिनं द्यायला तर हवा.

— सकाळीच शाळेला गेले. जाताना दारात दोघींना निरोप दिला. दोघींना.

रात्री ही मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर निजते. आत जात नाही. अजून आत काही नाही ना.

वद्य दशमी.

भर दुपार. इंदूच्या कळा सुरू. सुईण आत, मालन आत. मी बाहेर, हिच्याजवळ. दाराला आतून कडी आहे, पण कडी जुनी —

ही उठली होती. दाराशी गेली. म्हणाली, माझं बाळ आलं वाटतं. मी म्हटलं, अजून नाही, आधी माझी रोजनिशी राहिलीय, ती लिही. मला वाटलं ऐकणार नाही. वहीकडं पाहिलं. बसली. पेन घेतलं.

लिहायला तिला आवडतं. अक्षर बघत राहते. ओलं असेतो बघते.

म्हणून मी बोलतेय. काहीही बोलतेय. मी बोलते तोवर ही लिहिते, लिहिते तोवर बसलीय. घसा कोरडा पडलाय. थांबायचं नाही.

बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यावेत. लिही. डिंक बाभळीचा, स्वच्छ. तुपात तळायचा, थोडा थोडा टाकायचा, फुलतो. मोठी आच नको. लिही, मोठी आच नको. खोबरं किसून भाजायचं. खसखस वेगळी —

इंदू ओरडली. तू लिही. तिकडं बघू नको. खसखस वेगळी भाजायची. छान काढतेस अक्षर, आणखी काढ. हा ख कसा काढलास, दाखव. छान. पुन्हा काढ. खारीक. ख, खारकेचा. बिया काढून कुटायची. हळिव, जायफळ —

सुईण म्हणतेय, आलं, आलं, थोडं अजून —

बस. बस बाळे. गूळ सांगायचाय. गूळ चिरून पाक करायचा. पाकाला तार येऊ द्यायची नाही, नुसता विरघळला की —

रडलं. रडलं गं. जिवंत आहे.

पेन खाली ठेवू नको. जानकी, ऐक, लाडू अजून वळायचेत, गरम असतानाच वळावे लागतात, हाताला तूप लावायचं, बस ना, तुला दाखवू, मी स्वतः आणून तुझ्या मांडीवर, आधी एवढं पुरं लिही, हाताला तूप लावायचं आणि एकेक